गरोदर बाईचं ताट: बाळाची जीभ, डोळे आणि कान यांच्यासाठी काय वाढावं

गरोदर मुलीला फिकं जेवण द्यायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. लसूण उष्ण, मेथी कडू, शेपूचा वास उग्र, कारल्याचं तर नावच नको. असं एकेक काढत गेलं की ताटात वरणभात, शिरा आणि दूध एवढंच उरतं. पंचवटीत आमच्या शेजारची मुलगी सहाव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिच्या आजीनं तिच्यापुरता लसूण बंद करून टाकला. "मावशी, लसूण खरंच बाधतो का हो बाळाला?" तिनं मला विचारलं. मी दिंडोरी आणि पेठ तालुक्यांत अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, त्यामुळे हा प्रश्न पाड्यापाड्यावर ऐकलेला आहे. तिला सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते. लसूण खा, मेथी खा, तुझ्या घरात जे शिजतं ते सगळं आलटून पालटून खा. बाळाला पुढे याच घरात जेवायचंय आणि त्याची ओळख आतापासूनच सुरू झाली आहे.

चव पोटात पोचते कशी

साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळ गर्भजल गिळायला लागतं. जिभेवरच्या रुचिकलिकाही याच काळात तयार होत असतात. नवव्या महिन्यापर्यंत ते रोज अर्धा लिटरहून जास्त गर्भजल गिळतं. आईनं खाल्लेल्या पदार्थांतले काही वास आणि चवी तिच्या रक्तातून या पाण्यात उतरतात. लसणाचं तर थेट तपासून झालंय. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये काही गरोदर बायकांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या आणि नंतर त्यांच्या गर्भजलाचे नमुने लोकांना हुंगायला दिले. लसूण घेतलेल्या बायकांचे नमुने वासावरून वेगळे ओळखू आले.

याच संस्थेचा २००१ चा गाजराचा प्रयोग मी प्रत्येक मुलीला सांगते, कारण त्यातून काय करायचं ते नीट कळतं. काही बायकांनी शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ३०० मिलिलिटर गाजराचा रस घेतला. काहींनी तो बाळंतपणानंतर दूध पाजताना घेतला. तिसऱ्या गटानं दोन्ही वेळा नुसतं पाणी घेतलं. बाळं वरचं खायला लागली तेव्हा त्यांना गाजराच्या रसात कालवलेलं धान्याचं पातळ भरवलं. ज्यांच्या आयांनी गाजर घेतलं होतं त्या बाळांनी, पोटात चव मिळालेली असो की दुधातून, तोंडं कमी वाकडी केली. फ्रान्समध्ये आल्सास भागात २००० च्या सुमारास असंच बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनीसचं पाहिलं गेलं. गरोदरपणाच्या शेवटी ज्यांच्या आया ते खात होत्या ती बाळं जन्मल्या जन्मल्या त्या वासाकडे ओढली गेली. उत्तर आयर्लंडमध्ये तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे लसूण घातलेला बटाटा ठेवला. आई गरोदरपणाच्या शेवटी लसूण खात होती ती मुलं तो जास्त खात होती. हे प्रयोग लहान आहेत, पण सगळ्यांचं बोट एकाच दिशेला आहे.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठानं सोनोग्राफीत बाळांचे चेहरे पाहिले. आईनं गाजराची कॅप्सूल घेतल्यावर बाळांच्या चेहऱ्यावर हसल्यासारखे भाव जास्त दिसले आणि केल नावाच्या कडवट पालेभाजीची घेतल्यावर रडवे भाव जास्त दिसले. ही बातमी वाचून एका मुलीनं मला कळवलं, "मग मी मेथी सोडते, बाळ रडतंय." सोडू नकोस. चेहऱ्याचे स्नायू हलले म्हणजे बाळाला दुःख झालं असं होत नाही. आपण मोठी माणसंसुद्धा कारल्याचा पहिला घास घेताना कपाळाला आठी घालतोच. कडू चव पुन्हापुन्हा भेटली तरच सवयीची होते.

ताट असं मांडा

पहिले तीन महिने कोणतीही सक्ती नको. उलट्या आणि मळमळ चालू असताना जे पोटात राहील ते खावं. कोरडी भाकरी, चुरमुरे, लिंबू-मीठ काहीही चालेल. चवींचा विचार पाचव्या महिन्यापासून करा आणि सातव्या महिन्यापासून तो मनावर घ्या. आपल्याकडे सातव्यात डोहाळजेवण असतं तेव्हा ताटात गोड, आंबट, तिखट, तुरट सगळं मांडतात. बाळाची जीभ आणि नाक त्या वेळी कामाला लागलेली असतात, म्हणून तो थाट एका दिवसापुरता ठेवू नका.

बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जाणं जमत असेल तर पिशवी भरताना एकच नियम पाळा: दोन कडू किंवा उग्र वासाच्या भाज्या, एक आंबट, एक गोडसर. कडू-उग्रमध्ये मेथी, शेपू, कारलं, शेवग्याचा पाला, हिवाळ्यात लसणाची पात. आंबटमध्ये चुका, अंबाडी किंवा टोमॅटो. गोडसरमध्ये गाजर, लाल भोपळा, बीट. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या बायका करटोली, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसतात. ओळखीच्या बाईकडून घेतलेली, नीट उकडून शिजवलेली रानभाजी खुशाल खा. न ओळखणारी मात्र हौसेनं खाऊ नका.

एखादी भाजी एकदा खाल्ली आणि झालं, असं करू नका. गाजराच्या प्रयोगात आठवड्याला चार दिवस, तीन आठवडे, असा रतीब होता. तुमच्या घरात शेपू महिन्यातून एकदाच होत असेल तर या तीन महिन्यांत तो दर आठवड्याला करा. एकदा मुगाच्या डाळीत, एकदा थालीपिठात, एकदा नुसती लसणाची फोडणी देऊन. रस, पावडरी, कॅप्सूल, काढे यांच्या मागे लागायचं कारण नाही. भाजी भाजीच्याच मापात खायची. दालचिनी, ओवा, बडीशेप फोडणीत आणि जेवणानंतर चिमूटभर ठीक. त्यांचे कडक काढे रोज पिऊ नका.

तिखटाबद्दल घराघरात वाद होतात. मिरचीनं बाळाचे डोळे जळत नाहीत. जळजळ होते ती आईच्या छातीत, आणि ती होत असेल तर तिखट कमी करा, रात्रीचं जेवण लवकर घ्या. मिसळ खायचा डोहाळा लागला तर घरी करा. मटकीला मोड आणा, ती पूर्ण शिजवा, तर्री कमी, कांदा-लिंबू भरपूर. कच्चे मोड मात्र या दिवसांत नकोत, त्यांत जंतू वाढतात.

किती खायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेनं गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. म्हणजे अंदाजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढी भर. दोन जिवांचं म्हणून दुप्पट खायचं नसतं, आणि बाळ मोठं झालं तर सिझर होईल या भीतीनं कमीही खायचं नसतं. पेठकडे ही दुसरी भीती मी फार पाहिली. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर बाईला दिवसाचं एक चौरस गरम जेवण मिळतं. तिथं बायका एकत्र बसून जेवल्या की भाजी कुणी टाकत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. घरी तिला एकटीला शेवटी वाढलं की तिच्या वाट्याला भांड्याच्या तळचं येतं. तिला पहिल्या पंगतीला बसवा.

डोळ्यांसाठी

बाळाच्या डोळ्यांचा पडदा आणि मेंदू शेवटच्या तिमाहीत डीएचए नावाचं स्निग्ध आम्ल झपाट्यानं साठवतात. रोज सुमारे २०० मिलिग्रॅम डीएचए आईच्या पोटात जावं असं सांगतात. मासे खाणाऱ्यांसाठी हे सोपं आहे. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. नाशिकला मासे मुंबईहून येतात, म्हणून कल्ले लाल आणि डोळे टवटवीत पाहूनच घ्या. आपल्याकडच्या धरणांतले रोहू-कटलाही चांगले, पण त्यांत डीएचए कमी असतं. मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळा. त्यांच्या अंगात पारा साठतो आणि तो बाळाच्या मज्जासंस्थेला घातक असतो.

शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज दोन चमचे आणि जमलं तर अक्रोड. यांतल्या आम्लाचं शरीरात डीएचए होतं, पण फार थोडं. म्हणून शैवालापासून बनवलेली डीएचएची शाकाहारी गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

अ जीवनसत्त्वासाठी गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, पालक, उन्हाळ्यात आंबा. सगळं थोड्या तेला-तुपासोबत, नाहीतर ते अंगी लागत नाही. संध्याकाळी अंधार पडू लागला की धडपडायला होतं, दिसेनासं होतं, असं गरोदर बाईनं सांगितलं तर ते थकव्यावर ढकलू नका. हा रातांधळेपणा असू शकतो, लगेच दाखवा. मात्र अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं घेऊ नका आणि कलेजी नेमानं खाऊ नका. प्राणिज स्वरूपातलं हे जीवनसत्त्व फार झालं तर गर्भात व्यंग होऊ शकतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. त्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.

कानांसाठी

इथे मला शहरातल्या मुलींशी जास्त बोलायचंय. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या घरांत आता सैंधव आणि गुलाबी मीठ रोजच्या स्वयंपाकात आलंय. ते शुद्ध, ते पचायला हलकं, असं ऐकून आयोडीनयुक्त मीठ बाहेर काढलं जातं. गर्भाच्या मेंदूची आणि कानाची घडण आईच्या थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि ते संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांत मुलं बहिरी आणि मतिमंद जन्मायची, म्हणूनच मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. उपवासापुरतं सैंधव वापरा, रोजच्या आमटीत आयोडीनचंच मीठ. डबा झाकणाचा असू द्या, शेगडीपासून लांब ठेवा, आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला. मीठ जास्त खा असं मी म्हणत नाही. आहे तेच आयोडीनचं असू द्या.

दुसरं लोह. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. लोह कमी घेऊन जन्मलेल्या बाळांच्या कानातून मेंदूकडे जाणारे संदेश हळू पोचतात असं काही तपासण्यांत दिसलंय, कारण मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला लोह लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. पेठला गोळ्यांची पाकिटं कणगीमागे सापडायची. शी काळी होते, मळमळतं, म्हणून बायका त्या ठेवून द्यायच्या. शी काळी होणं हे गोळी पोटात गेल्याचं लक्षण आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान दोन तास लांब. जेवणावर लगेच चहा ही आपल्या नाशिककरांची सवय या नऊ महिन्यांपुरती मोडा. गूळ-शेंगदाण्यानं एकट्यानं रक्त भरत नाही, गोळीला पर्याय नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

तोंडात घालू नये असं

मिश्री. ही सर्वांत आधी लिहिते कारण खेड्यात तिला कुणी व्यसन समजत नाही, दात घासणं समजतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात आणि वारेतून बाळात जातं. बाळ कमी वजनाचं, वेळेआधी जन्मतं, आणि फार आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो. सुनेला मिश्री सोडायची असेल तर सासूनंही तिच्यासमोर लावू नये. घरात डबी दिसत राहिली तर ती सुटणार कशी? दारूचंही तेच, थोडीही नको.

भाजलेली माती खावीशी वाटणं ही लाजेची गोष्ट नाही. अनेकदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. हिमोग्लोबिन तपासा. माती खाऊ नका, तिच्यात जंत आणि शिसं असू शकतं. शिसं वारेतून बाळात जातं आणि मेंदूला इजा करतं.

पहिलं मूल लहान असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका. आईनं बाळाचं उष्टं संपवणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की हे ऐकून बायका माझ्याकडे पाहत राहतात. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सीएमव्ही नावाचा विषाणू असू शकतो. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण गरोदरपणात लागला तर पोटातल्या बाळाला बहिरेपण येऊ शकतं. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक नसलेल्या कारणांत तो पहिला आहे. म्हणून वेगळा चमचा, वेगळं ताट, आणि लंगोट बदलल्यावर साबणानं हात. प्रेम कमी होत नाही, पापा कपाळावर घ्या.

मांस अर्धं कच्चं नको, अंडं पूर्ण उकडलेलं, दूध तापवलेलं, भाजी आणि द्राक्षं वाहत्या पाण्यात चोळून धुतलेली. मांसातून आणि मातीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर वार करतो. ग्रहणात पाणीही न पिता बसून राहणं नको. केशर-दुधानं बाळ गोरं होत नाही. आवडत असेल तर चवीसाठी घ्या.

बाळ आल्यावर

चवीची ओळख दुधातून पुढे चालू राहते. लसणाचा वास साधारण दोन तासांनी दुधात उतरतो, आणि मोनेलच्याच १९९१ च्या प्रयोगात असं दूध बाळांनी जास्त वेळ ओढून प्यायलं. तेव्हा सव्वा महिना बाळंतिणीला नुसता मऊ भात आणि तूप देऊ नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेप हे सगळं राहू द्या, सोबत रोज एक भाजी आणि वरण द्या. वरचं दूध द्यावं लागलं असेल तर आईनं मनाला लावून घेऊ नये. तिच्या बाळाची चवींशी पुढची ओळख सहाव्या महिन्यानंतर सुरू होईल, तेव्हा थोडा जास्त धीर धरायचा.

मूल भाजी थुंकतं म्हणून आईच्या गरोदरपणातल्या ताटाला दोष देऊ नका. चव शिकवायला पोटातले महिने मदत करतात, पण मुलाचा स्वभाव, आजारपण आणि घरातलं वागणंही त्यात असतंच. आवाजाला, स्पर्शाला किंवा अन्नाच्या पोताला फार घाबरणाऱ्या मुलासाठी बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यावर आईच्या आहाराचा उपाय मागे जाऊन करता येत नाही.

सहा महिने पूर्ण झाले की नागलीच्या सत्त्वाबरोबर आणि मुगाच्या खिचडीबरोबर तीच भाजी द्या जी तुम्ही गरोदर असताना खाल्ली. मेथीची पानं बारीक करून खिचडीत शिजवा, एक चमचा पुरे. बाळानं तोंड वाकडं केलं तर हसू नका, ओरडू नका, नाक दाबून तर कधीच भरवू नका. वाटी उचला आणि दोन दिवसांनी पुन्हा द्या. आठ-दहा वेळा दिल्यावर बहुतेक मुलं खायला लागतात. आपण दोन-तीन वेळांतच हार मानतो आणि "आमच्या बाळाला मेथी चालत नाही" असं ठरवून मोकळे होतो.

कानाची तपासणी मात्र दवाखान्यातून घरी यायच्या आधीच मागून घ्या. ओएई म्हणतात तिला. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून करतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, काही शंका आली तर तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार किंवा यंत्र, असा क्रम ठेवतात. घरी बाळंतपण झालं असेल किंवा दवाखान्यात ही सोय नसेल तर आशाताईंना सांगा, त्या सिव्हिल हॉस्पिटलला कधी आणि कुठे जायचं ते सांगतील. सरकारी दवाखान्यात गरोदरपणातली मोफत तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते. तेव्हाच आयोडीन, लोह, बी-१२ आणि डीएचए हे चार शब्द कागदावर लिहून सोबत न्या आणि डॉक्टरांना एकेक विचारा.